चार घडांचा पहारा

शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवर सातच्या प्रादेशिक बातम्यांत निफाडचं नाव आलं आणि नंदकिशोर बोरस्त्यांनी हातातली चहाची बशी खाली ठेवली. राज्यात सर्वांत कमी तापमानाची नोंद निफाडला, दोन पूर्णांक तीन अंश, असं निवेदिकेने सांगितलं. नंदकिशोर ताठ बसले. दर जानेवारीत त्यांचं असंच व्हायचं. कुणाच्या गावचा पोरगा बोर्डात पहिला यावा तसा त्यांना निफाडचा पारा वाटे, आणि तो जितका खाली जाई तितकी त्यांची मान वर येई.

"ऐकलंस? दोन अंश," ते सुमेधाला म्हणाले. "त्याला म्हणतात थंडी. नाहीतर इथले लोक. वीस अंशाला कानटोप्या घालून दूध आणायला जातात."

सुमेधा पेणची. तिच्या माहेरी हिवाळा म्हणजे पंखा एक नंबरवर ठेवायचे दिवस. तिने नुसतं "हो का" म्हटलं आणि भाजी चिरत राहिली. पण बातम्या संपल्या नव्हत्या. उत्तरेकडून येणारी थंडीची लाट आता कोकणपट्टीकडे सरकत असून येत्या दोन दिवसांत तापमानात अचानक घट होण्याची शक्यता आहे, असं पुढचं वाक्य आलं आणि नंदकिशोरांच्या चेहऱ्यावरचा अभिमान जागच्या जागी थिजला.

"वेल," ते म्हणाले आणि अनवाणीच बाहेर धावले.

वाशीच्या त्या सेक्टरात आठ बैठ्या घरांची एक ओळ होती. प्रत्येक घरापुढे दहा बाय बाराचा मातीचा तुकडा. माती कसली, खाडी बुजवताना टाकलेला मुरूम आणि त्यातून वर येणारं मीठ. एकोणऐंशी साली नंदकिशोर राहायला आले तेव्हा तिथे गवतसुद्धा नाराजीने उगवत होतं. तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात ते टाइमकीपर होते. माणसांच्या येण्याजाण्याची नोंद ठेवणाऱ्या या माणसाला एकच ध्यास लागला होता, की या अंगणात द्राक्षाचा वेल लावायचा. तुर्भ्याच्या बाजारात कांद्याचे ट्रक यायचे, त्यांतल्या ओळखीच्या ड्रायव्हरांकडून त्यांनी गावाकडची काळी माती पोत्यापोत्याने मागवली. पहिली काडी जळाली. दुसरी कुजली. तिसरी जगली, मांडवावर चढली, आणि यंदा ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तिच्यावर चार घड धरले. एक मोठा, दोन मध्यम आणि एक आडोशाचा, जो फक्त मालकालाच दिसायचा.

ही बातमी त्यांनी वडिलांना पत्राने कळवली होती. मारोती बोरस्ते, म्हणजे अण्णा, यांची निफाडला सहा एकर बाग. नोकरीसाठी गाव सोडलेल्या मुलाबद्दल ते कुणाकडे फारसं बोलत नसत. त्यांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. "खाऱ्या जमिनीत द्राक्ष येत नाही. शनिवारी सकाळी कांद्याच्या गाडीने येऊन बघतो. थोरला इकडे बागेत आहे." बस. आशीर्वादसुद्धा नव्हता.

आणि आता शनिवार उद्यावर आला होता, आणि शुक्रवारीच थंडीची लाट.

"अहो, ती निफाडची थंडी इथे कशाला येईल?" सुमेधा दारात येऊन म्हणाली.

"रेडिओ काय खोटं बोलतो? आमच्याकडं एका रात्रीत अख्खी बाग काळी पडते. दंव पानावरच गोठतं. मणी तडकतात. सकाळी बघावं तर जणू कुणी उकळतं पाणी ओतलंय." त्यांनी मांडवाकडे पाहिलं. "अण्णा येतील आणि त्यांना काळे घड दाखवू?"

कारखान्याच्या प्रयोगशाळेतून त्यांनी मागे एक थर्मामीटर मागून आणला होता. तो त्यांनी खांबाला सुतळीने बांधला. त्याच्यावर शून्याखाली आकडेच नव्हते. मुंबईकडच्या लोकांचा हा निष्काळजीपणा त्यांना त्या क्षणी फार जाणवला. पारा वीसवर होता. मग ते घरात गेले आणि कपाटातून दोन गोधड्या, एक सोलापुरी चादर आणि सुमेधाच्या आईने दिलेली रजई घेऊन बाहेर आले.

"रजई नको," सुमेधा म्हणाली.

"चारच घड आहेत, सुमेधा."

"आणि आपण माणसं दोन आहोत."

"माणसाला दार लावून घेता येतं," नंदकिशोर म्हणाले आणि स्टुलावर चढले.

शेजारचे जयप्रकाश वेलणकर तेवढ्यात कुंपणापाशी आले. ते गिरगावात वाढलेले, बँकेत नोकरीला, आणि आठ घरांच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या अंगणात अकरा गुलाब होते आणि त्या अकराही गुलाबांची नावं त्यांना इंग्रजीत पाठ होती.

"काय बोरस्ते, वेलाचं बारसं आहे का?"

"हसा. उद्या पहाटे दंव पडेल तेव्हा तुमचे गुलाब बघा."

"इथे? वाशीत? काय राव, उगाच टेन्शन देताय."

नंदकिशोर स्टुलावरच उभे होते. माणूस उंचावर उभा असला की त्याच्या बोलण्याला आपोआप वजन येतं. त्यांनी थंडीचं शास्त्र सांगायला सुरुवात केली. आकाश निरभ्र असलं की जमिनीची ऊब वर जाते. वारा पडला की गार हवा खाली बसते. पहाटे पाच ते साडेसहा ही वेळ सर्वांत घातक. उपाय तीन. झाकणे, मुळांना पाणी देणे आणि धूर करणे. धुराची चादर वर पसरली की खालची ऊब खालीच राहते. बोलता बोलता कडेच्या घरातल्या मालतीबाई येऊन उभ्या राहिल्या, मग त्यांच्यामागे आणखी दोघं-तिघं आले. निफाडचा माणूस थंडीवर बोलतोय म्हटल्यावर, पांढऱ्याशुभ्र केसांच्या डॉक्टरने नाडी धरावी तसे सगळे गप्प ऐकत होते. नंदकिशोरांचं टाइम ऑफिसात असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी दोन अंशांचा एक अंश केला आणि एका वर्षीच्या हिमकणांचा थर बोटाने दाखवला. बोट आडवं होतं ते दाखवताना उभं झालं.

"माझ्या तुळशीला काही होईल का हो?" मालतीबाईंनी विचारलं. त्या निवृत्त शिक्षिका होत्या, एकट्या राहायच्या, आणि आठ घरांत टेलिफोन फक्त त्यांच्याकडे होता.

"तुळस तर सर्वांत आधी जाते, बाई."

मालतीबाई आत गेल्या आणि आपली लोकरीची शाल घेऊन बाहेर आल्या. एकीने तुळस झाकली म्हटल्यावर दुसरीने अळू झाकलं, तिसऱ्याने पपईच्या खोडाला सतरंजी गुंडाळली. जयप्रकाश अर्धा तास हसत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं, की उद्या चुकून दंव पडलंच तर अख्ख्या ओळीत फक्त सेक्रेटरीची बाग मेलेली असेल. ते गुपचूप आत गेले. अकरा गुलाबांना चार ब्लँकेटं आणि पाहुण्यांच्या दोन रजया लागल्या. वाशीत कुणाकडे पांघरुणांचा साठा असायचं कारणच नव्हतं, त्यामुळे आठ वाजेपर्यंत आठही घरांचं अंथरूण-पांघरूण अंगणात गेलं होतं.

धुराचा प्रश्न राहिला होता. तो दमयंतीने सोडवला. दमयंती वाशीगावातली. सकाळी मासळीची पाटी घेऊन फिरायची आणि संध्याकाळी राहिलेली उधारी गोळा करत याच रस्त्याने घरी जायची. झाडांना रजया नेसवलेल्या पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भाऊ, या झाडांना ताप आलाय काय?"

"थंडी येणार आहे. धुरासाठी पेंढा पाहिजे, दमयंतीबाई. मिळेल का कुठे?"

"पेंडा हाय ना आमचे घरान. दोन भारे हाय. पन जुना हाय, सांगून ठेवतंय. त्याचेवर जवला सुकवला व्हता."

"आपल्याला काय धूर खायचाय? जळला म्हणजे झालं."

"मंग ठीक हाय. मागून बोलू नका, दमयंतीनं सांगितला नाय."

तिचा नवरा सायकलवरून दोन भारे टाकून गेला. नंदकिशोरांनी आठ घमेली जमवली, प्रत्येकात पेंढा भरला, वर ओला पाला ठेवला, म्हणजे ज्वाळा न होता धूर होईल. प्रत्येक अंगणात एक घमेलं. पहाटे साडेपाचला आपण स्वतः पेटवू, कुणी उठायची गरज नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. लोक कृतज्ञतेने आपापल्या घरी गेले आणि खिडक्या लावून जे मिळेल ते पांघरून झोपले. कुणी टॉवेल घेतला, कुणी जुनी लुगडी. जयप्रकाशांनी लग्नातला कोट चढवला.

पहाटे साडेपाचला नंदकिशोर एकटेच उठले. थर्मामीटर तेरावर होता. तेरा हा आकडा त्यांना थोडा खटकला, पण घसरण अचानक होते हे त्यांनी कालच सांगितलं होतं. वारा पडला होता, आकाश स्वच्छ होतं, सगळं शास्त्राप्रमाणे चाललं होतं. त्यांनी एकेक घमेलं पेटवलं. धूर निघाला. दाट, पांढरा, अगदी निफाडसारखा. आठ अंगणांवर त्याची चादर पसरू लागली तेव्हा रस्त्याच्या मध्यभागी उभं राहून त्यांनी कमरेवर हात ठेवले. अण्णांनी हे बघायला हवं, असं त्यांना वाटलं.

मग वास आला.

जवळा तव्यावर भाजला की घरात भूक लागते. पण दोन वर्षं ओल खाल्लेल्या पेंढ्यात मुरलेला जवळा जळला की जो वास येतो त्याला मराठीत शब्द नाही. तो आंबट होता, तिखट होता, डोळ्यांत जात होता आणि घशात बसत होता. लावलेल्या खिडक्यांच्या फटींतून तो आठही घरांत शिरला.

कारखान्यांच्या पट्ट्याशेजारी राहणाऱ्या माणसाला वासाने जाग आली की त्याच्या मनात एकच विचार येतो. मालतीबाई खोकत उठल्या, खिडकीतून पांढरा धूर पाहिला, आणि शाळेत तीस वर्षं आपत्तीच्या वेळी काय करावे हे शिकवलेलं असल्याने न घाबरता टेलिफोनपाशी गेल्या. "कुठल्यातरी कंपनीचा गॅस फुटलाय," त्यांनी अग्निशमन केंद्राला स्वच्छ उच्चारांत सांगितलं. "आमच्या गल्लीत आलाय. मुलं आहेत." मग त्यांनी बाहेर येऊन प्रत्येक दाराची कडी वाजवली. "ओला रुमाल नाकाला लावा आणि मैदानात चला."

पाच मिनिटांत अख्खी ओळ समोरच्या मोकळ्या मैदानात जमली. पोरं बनियनवर, बायका पदर नाकाला लावून, जयप्रकाश पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर लग्नाचा कोट घालून. सगळे कुडकुडत होते. पांघरायला कुणाकडे काही नव्हतं, कारण सगळी पांघरुणं गॅसमध्ये होती.

"अहो, गॅस नाही," नंदकिशोर धावत आले. "धूर आहे. आपलाच आहे. मी सांगितला होता तो."

"धुराला असला वास असतो होय?" जयप्रकाश रुमालातून म्हणाले.

"जवळ्याचा आहे."

"कुठल्या जवळचा?"

"जवळचा नाही, जवळ्याचा. सुक्या जवळ्याचा."

हे समजेपर्यंत घंटा वाजवत बंब आला. धुराच्या ढगात शिरल्यावर बंबावरच्या माणसांना जे दिसलं ते असं. आठ अंगणं, आठ ठिकाणी धुमसतंय, आणि जिकडेतिकडे कापडांचे ढीग, ज्यांना आता कधीही आग लागेल. त्यांनी वेळ घालवला नाही. होस पाइप सोडला आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली. मालतीबाईंची शाल गेली. पपईची सतरंजी गेली. अकरा गुलाबांवरच्या दोन रजया पाणी पिऊन बसक्या झाल्या.

पाचव्या घरापुढे नंदकिशोर आडवे आले. दोन्ही हात पसरून ते मांडवापुढे उभे राहिले.

"इथे नको. इथे द्राक्षं आहेत."

"बाजूला व्हा, आग आहे," पाइप धरलेला माणूस ओरडला.

"आग नाही, धूर आहे."

"धूर कशाचा?"

"थंडीचा," नंदकिशोर म्हणाले. याहून खरं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, पण त्याने बंबवाल्याचं समाधान झालं नाही. पाण्याचा लोट आला तो सगळा नंदकिशोरांच्या छातीवर. ते दोन पावलं मागे गेले, पाठीने मांडवाचा खांब धरला आणि तिथेच उभे राहिले. समोरून येणारं पाणी त्यांनी तोंडावर, पोटावर, गुडघ्यांवर झेललं. घमेलं विझलं. मागची पांघरुणं उडालेल्या तुषारांनी भिजली, पण चार घड हललेसुद्धा नाहीत.

पाणी थांबलं. धूर विरला. आणि विरळ होत गेलेल्या धुरापलीकडे रस्त्यावर एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. डोक्याला फेटा, खांद्यावर काळी घोंगडी, हातात कापडी पिशवी. कांद्याच्या गाडीतून उतरून तुर्भ्याहून चालत आलेले अण्णा. ते किती वेळ उभे होते कुणास ठाऊक.

"नंदू," ते म्हणाले, "हे काय मांडलंय?"

नंदकिशोरांच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपकत होतं. "अण्णा, थंडीची लाट होती. रेडिओवर सांगितलं. म्हणून धूर केला."

अण्णा खांबापाशी गेले. थर्मामीटरजवळ डोळे नेऊन त्यांनी आकडा वाचला. मग ते वळले. आठ घरांची माणसं आणि बंबावरचे पाच जण त्यांच्याकडे बघत होते.

"तेरा," अण्णा म्हणाले. "तेराला आपल्याकडं माणसं उघड्यावर आंघोळ करतात."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. नंदकिशोरांनी मान खाली घातली. अण्णांनी पिशवीतून एक सुकं धोतर काढून त्यांच्या हातात दिलं. "आत जा. अंग पूस. वेलाला काही होत नाही, तुलाच होईल."

बंबाबरोबरच्या साहेबांनी नाव-पत्ता लिहून घेतला, पुढच्या वेळी शेकोटी करायची असेल तर आधी कळवा असं बजावलं, आणि घंटा न वाजवता बंब परत गेला. अण्णांनी स्वतःच्या हाताने ओली रजई उचलून बाजूला केली. मांडवाखाली वाकून त्यांनी पानं चाळली. पहिला घड पाहिला. दुसरा पाहिला. तिसरा तळहातावर तोलला. आडोशाचा चौथा त्यांना कुणी न दाखवता सापडला. नंदकिशोर धोतर गुंडाळून खिडकीतून बघत होते. अण्णा बराच वेळ वाकलेले होते.

"पाला जास्त ठेवलाय," आत येऊन ते सुनेला म्हणाले. "चहा टाक."

तो शनिवार नंदकिशोरांना फार लांबला. कुंपणांवर, गच्चीच्या कठड्यांवर, मैदानातल्या फुटबॉलच्या खांबांवर आठ घरांची पांघरुणं वाळत होती आणि सगळ्यांना जवळ्याचा वास येत होता. जयप्रकाश जाता-येता "काय निफाडकर, आज हिमवर्षाव आहे का?" असं विचारत होते. नंदकिशोर लवकरच कामावर निघून गेले. टाइम ऑफिसात त्यांनी शंभर माणसांच्या वेळा नोंदवल्या आणि एकाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही. अण्णा हे पत्रात लिहिणार नव्हते, पण गावात सांगणार होते. थोरल्या भावाला, आत्याला, पारावर बसणाऱ्या सगळ्यांना. मुंबईला जाऊन नंदू तेरा अंशाला घाबरला.

संध्याकाळी घरी येताना त्यांची पावलं जड झाली होती. कोपऱ्यावरून वळले तर त्यांच्याच अंगणात माणसं बसलेली. मधे अण्णा पायरीवर. समोर मालतीबाई खुर्चीत, बाकीचे जमिनीवर, आणि जयप्रकाश चक्क मांडी घालून. नंदकिशोर फाटकाबाहेरच थांबले.

"मग अण्णा, इथे दंव कधी पडणारच नाही?" जयप्रकाश विचारत होते.

"नाही. खाडीचा वारा आहे. इथं काही होत नाही."

"म्हणजे आमच्या रजया फुकट भिजल्या."

"भिजल्या खऱ्या." अण्णांनी तंबाखू मळली. "हा नऊ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट आहे. रात्रीत बाग गेली होती. सकाळी मी बांधावर बसलो होतो, आणि हा दिसेना. शोधला तर बागेच्या टोकाला. स्वतःची गोधडी एका वेलाला गुंडाळून, वर मिठी मारून बसलेला. अंगात एक पैरण फक्त. हातपाय निळे."

"मग तो वेल वाचला?" मालतीबाईंनी विचारलं.

"नाही. दुसऱ्या वेलांबरोबर त्याचेही घड गेले." अण्णांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली. "पण सहा एकरांत बाकीच्यांनी कपाळाला हात लावले होते. झाकायला गेला तो एकटा. तुमच्याकडं कुणी जन्मात दंव पाहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला हसू येतं. येऊ दे. मलाही सकाळी आलं."

मालतीबाईंनी चष्मा पुसला. नंदकिशोरांनी घसा खाकरला, फाटकाची कडी जरुरीपेक्षा मोठ्याने वाजवली आणि नुकतेच आल्यासारखे आत आले.

जेवणं झाली. बाहेर थंडी कालच्यापेक्षा थोडी जास्त होती. रेडिओवर निफाडचा पारा एक अंशावर गेल्याचं सांगितलं आणि अण्णा व नंदकिशोर दोघांनीही एकदमच एकमेकांकडे पाहिलं. त्या बाबतीत दोघांचं घराणं एकच होतं.

"थोरला धूर करील," अण्णा म्हणाले. "त्याला सांगून आलोय."

घरातली सगळी पांघरुणं अजून ओलसर होती. सुमेधाने दोन सुती साड्या जोडून पांघरायला केलं. कोरडी अशी एकच गोष्ट होती, अण्णांची घोंगडी. ती अर्थातच अण्णांना.

"अण्णा," नंदकिशोर दिवा घालवताना म्हणाले, "वेलावर काही टाकू का? नुसतं एखादं पोतं."

"झोप गुमान. इथं काही होत नाही म्हटलं ना."

सकाळी दुधाच्या बाटल्यांच्या आवाजाने नंदकिशोरांना जाग आली. उजाडत होतं. शेजारचं अंथरूण रिकामं होतं. अण्णांना गावी पहाटे उठायची सवय, म्हणून त्यांनी आधी लक्ष दिलं नाही. मग दार उघडं दिसलं. ते बाहेर आले.

मांडवावर काळी घोंगडी होती. नीट, चारी कोपऱ्यांना सुतळीने ताणून बांधलेली, अशी की चारही घड तिच्या पोटात यावेत आणि एकावरही भार पडू नये. नंदकिशोरांना इतक्या वर्षांत तशी गाठ मारता आली नव्हती. खाली पायरीवर अण्णा बसले होते. फेट्याने कान बांधलेले, दोन्ही हात काखेत, गुडघे पोटाशी. दात वाजत होते.

नंदकिशोरांनी थर्मामीटर पाहिला. बारा.

"घोंगडीला वास लागला होता तुमच्या धुराचा," अण्णा त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "म्हटलं जरा हवा दाखवावी."

"कधीपासून दाखवताय?"

अण्णांनी फेटा कानांवर आणखी ओढला. कुंपणापलीकडे जयप्रकाश दात घासत उभे होते. त्यांनी घोंगडी पाहिली, अण्णांना पाहिलं, तोंडातला फेस थुंकला.

"काय अण्णा, काल तर म्हणालात की इथे काही होत नाही."

"गुलाबाला होत नाही," अण्णा म्हणाले. "ही बोरस्त्यांची बाग आहे."

पायरीवर अण्णांनी थोडं सरकून जागा केली होती, तिथे नंदकिशोर बसले. सुमेधाने आतून विचारलं, चहा आत घेणार की बाहेर. बाहेर, असं दोघंही म्हणाले, आणि ऊन मांडवापर्यंत येईस्तोवर बापलेक तिथेच कुडकुडत बसून राहिले.